एकाच हाताचं काज

थर्मामीटरनं पीं-पीं केलं आणि घरातली शांतता मोडली. आवाज तो केवढासा, पण पहाटेच्या त्या खोलीत कुणीतरी भांडं आपटल्यासारखा वाटला. तिनं लेकीच्या काखेतून तो हळूच काढला, मोबाइलच्या उजेडात आकडा पाहिला आणि पुन्हा काखेत सरकवला. दुसऱ्यांदा विचारलं तर थर्मामीटर जरा भीडभाड ठेवून बोलेल, अशी तिची वेडी आशा. पण तो आपल्या शब्दाला पक्का निघाला. ताप होता, आणि चांगला सणसणीत होता.

भिंगरी एरवी झोपेतसुद्धा अंथरुणभर फिरायची. डोकं उशीवर ठेवून निजायची आणि पाय उशीवर ठेवून उठायची. म्हणून तर घरानं तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. आज मात्र ती गुडघे पोटाशी घेऊन, अंगावरून काढून टाकलेल्या फ्रॉकसारखी एका जागी पडली होती. आईनं औषध चमच्यात ओतलं. पोरीनं डोळे न उघडताच तोंड उघडलं, गिळलं आणि नाक मुरडलं. नाक मुरडलं म्हणजे अंगात अजून जोर आहे, असं आईनं स्वतःला सांगितलं. नर्सची अर्धी नोकरी रोग्याला धीर देण्यात जाते आणि उरलेली अर्धी स्वतःला.

नवरा कुठल्यातरी लांबच्या रस्त्यावर ट्रक हाकत होता. तेव्हा उरली वरच्या मजल्यावरची नणंद. तिनं जिन्यातूनच हाक मारली. नणंद केसांचा अंबाडा वळत खाली आली आणि भाचीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, तवा झालाय नुसता! आणि तू हे काय, युनिफॉर्म चढवून?"

"जायला हवं, ताई."

"जायला हवं म्हणजे? रजा टाक. तुझ्यावाचून हॉस्पिटलाचं घोडं अडणार आहे का?"

"आज अडणार आहे."

"हो का? मोठ्या सर्जनच लागून गेलात!" नणंद म्हणाली; पण बोलता बोलताच तिनं पंचा ओला करून पिळायला घेतला होता. तिचं तोंड एकीकडे चालायचं आणि हात दुसरीकडे, आणि विश्वास ठेवायचा तो हातांवर, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "एवढ्या नर्सा आहेत तिथं. एकीनं टोचली काय अन् दुसरीनं टोचली काय, सुई ती सुईच की."

हे समजावून सांगायचं तर तासभर हवा होता. तिच्याजवळ चपला घालण्यापुरता वेळ होता. "आजच्या माणसाला माझ्याशिवाय कुणी सुई लावायची नाही, असं ठरलंय. दुसऱ्या हातानं लावली तर बिघडतं," एवढंच ती म्हणाली.

"असा कसला गं तो राजा?"

"राजा कसला, बसचा कंडक्टर आहे."

आता तो कंडक्टर आणि ते बिघडणं काय, ते सांगायला हवं. ज्याच्या किडन्या थकल्या, त्याचं रक्त मशीनमधून धुऊन घ्यावं लागतं, आणि तेही एकदा नाही, आठवड्यातून तीनदा, जन्मभर. त्यासाठी हातातली एक धमनी आणि एक शीर ऑपरेशननं एकमेकींना जोडतात. मग ती शीर दोरखंडासारखी फुगते आणि दर खेपेला तिच्यात दोन सुया घालता येतात, एक रक्त बाहेर आणायला आणि एक परत पाठवायला. ती शीर म्हणजे त्या माणसाची जगण्याची वाट. कंडक्टरच्या डाव्या हातातली वाट बंद झाली होती. घाईच्या हातांनी पुन्हा पुन्हा टोचून टोचून तिची चाळण झाली. मग मानेत नळी घातली. त्या नळीतून जंतू रक्तात गेले आणि थंडी वाजून वाजून माणूस मरता मरता वाचला. आता उरली होती ती उजव्या कोपरावरची बोटभर लांबीची शीर. एवढ्याशा जागेत दर खेपेला नवं ठिकाण शोधायला वावच नाही.

अशा हातासाठी एक वेगळी रीत असते. दर वेळी त्याच छिद्रातून, त्याच कोनात, तेवढीच खोल सुई घालायची. काही आठवड्यांनी कातडीपासून शिरेपर्यंत एक बारीक बोगदा तयार होतो, कान टोचल्यावर पाळीला होतो तसा. शर्टाला काज करावं तसं ते असतं, म्हणून डायलिसिसच्या युनिटात सगळे त्याला काजच म्हणायचे. एकदा काज पक्कं झालं की टोकदार सुईची गरज उरत नाही. बोथट सुई आपसूक आत जाते, आणि मग ती कुणीही शिकलेल्या नर्सनं घालावी. पण पक्कं होईपर्यंत हात एकाच माणसाचा हवा. दुसऱ्याचा कोन केसभर जरी वेगळा पडला तरी एकाचे दोन बोगदे होतात, आणि दोन्ही वायाच जातात. कंडक्टरची दोन सुयांची दोन काजं तिनं धरली होती. आज पहिल्यांदा बोथट सुई घालायची होती. आणि आज ती कामावर गेली नाही, तर पुन्हा मानेत नळी.

ती भिंगरीच्या केसांवर ओठ टेकवून निघाली. पोर झोपेत पुटपुटली, ते तिनं ऐकलं नाही. खरं म्हणजे ऐकायचं टाळलं. ऐकलं असतं तर उंबरा ओलांडता आला नसता.

युनिटात दोन्ही बाजूंना खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन, आणि पाण्याचा, पंपांचा, अलार्मांचा तो अखंड कालवा. थोरल्या सिस्टर दाराशीच उभ्या होत्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि पाठीला आता कणा उरला नव्हता. उभ्या राहिल्या की एक हात कायम कमरेवर.

"आलीस? मला वाटलं, तूही उडालीस."

हे बोलणं कडू होतं, पण त्याला कारण होतं. हे काम शिकवायला त्यांनी आजवर तिघींना हाताशी धरलं होतं. एकीनं लग्न केलं, एक जास्त पगारावर दुसरीकडे गेली, आणि तिसरीनं सरळ सांगितलं की बाई, एवढं जोखमीचं काम मला झोप लागू देत नाही. चौथी ही. हिला त्यांनी आधी कित्येक दिवस सुईला हातच लावू दिला नव्हता. "आधी बोटं शिकव. सुई काय, ती बोटांच्या मागून येते." डोळे मिटून दर पेशंटच्या शिरेवर बोट ठेवायचं आणि आत काय चाललंय ते सांगायचं. जोडलेल्या शिरेत रक्त थरथरत जातं. कुणाची थरथर पोटाशी बसलेल्या मांजरासारखी, कुणाची खिशातल्या फोनसारखी, एका म्हाताऱ्या बाईंची तर लांबून येणाऱ्या गाडीनं पूल हलावा तशी. चुकली की थोरल्या सिस्टर "पुन्हा" एवढंच म्हणायच्या. ते 'पुन्हा' तिच्या स्वप्नात यायचं. घरी निजलेल्या लेकीच्या मनगटावरही तिची बोटं आपोआप जायची, आणि तिथं साधी, टपटप चालणारी नाडी लागली की तिला इतकं बरं वाटायचं की ती तशीच बोट ठेवून झोपी जायची.

"लेकीला ताप आहे," ती म्हणाली.

थोरल्या सिस्टरांनी विचारलं, "किती?" तिनं आकडा सांगितला. "कोण आहे जवळ?" "नणंद." "हं. हात नीट धू. कोपरापर्यंत." सहानुभूती म्हणून त्यांच्याकडून जे काही मिळायचं, ते एवढंच.

कंडक्टर आज खुर्चीत मागे रेललेला नव्हता, ताठ बसला होता. सुट्टीचे दोन दिवस मध्ये पडले होते, अंगात पाणी साठलं होतं, आणि आडवं झालं की धाप लागत होती. तोंड सुजलं होतं, पण त्या तोंडाचा पट्टा काही सुजला नव्हता.

"या सिस्टर, या. गाडी भरली, कंडक्टर बसला, ड्रायव्हरचा पत्ता नाही."

"काका, बोलू नका. दम लागतोय."

"बोललो नाही तर जास्त लागतो." शेजारी बसलेल्या बायकोनं कपाळाला हात लावला. "पाणी पिऊ नका म्हटलं, तर म्हणतात चूळ भरतोय. चूळ भरतात आणि गिळतात! सिस्टर, तुम्ही तरी बोला."

"घरच्या तक्रारी शेवटच्या स्टॉपवर," कंडक्टर म्हणाला आणि खोकला.

नाकाला ऑक्सिजन लागला होता. तिनं मास्क बांधला, त्याचा हात पुसला, शिरेवर बोट ठेवलं. थरथर होती. त्याच्या शिरेतलं मांजर जागच्या जागी होतं. दोन्ही छिद्रांवरच्या खपल्या तिनं ओल्या गॉजनं भिजवल्या, नीट उचलून काढल्या, कारण खपलीचा कण आत ढकलला तर त्याच्याबरोबर जंतूही आत जातात. पुन्हा जागा साफ केली. मग पहिली बोथट सुई घेतली.

सुई कातडीतून गेली आणि अडली.

तिनं बोटांत ती जराशी फिरवली, शिकवली तशी. सुई रबरावर टेकल्यासारखी मागे आली. पुन्हा फिरवली, पुन्हा मागे. काही म्हणजे काही नाही. जणू आत काज नव्हतंच. जणू इतके आठवडे तिनं हवेतच शिवण घातली होती.

नेमक्या त्याच वेळी टेबलाजवळून सफाईवाल्या मावशींनी आवाज दिला, "सिस्टर, तुमच्या घरून फोन!"

हातात निर्जंतुक हातमोजे, मोज्यांत सुई, सुईचं टोक एका माणसाच्या हातात अर्धवट. "नंतर करते म्हणावं," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. मावशी फोनमध्ये काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मशीनच्या आवाजात विरलं.

आणि मग तिनं ती चूक केली. तिनं जोर लावला.

फार नाही, कणभरच. पण ज्या माणसाचं घर फोनमध्ये वाट पाहत असतं, त्याच्या हातात असा कणभर जोर कुठून तरी येतोच. कंडक्टरनं दात आवळले. छिद्राच्या कडेनं रक्ताचा एक थेंब वर आला. आणखी कणभर ढकललं असतं तर बोगद्याची भिंत फाटली असती, आतल्या आत रक्त साकळलं असतं, आणि ही बोटभर वाटही डाव्या हाताच्या वाटेनं गेली असती.

तिनं सुई मागे घेतली, गॉज दाबला आणि मान वर केली. थोरल्या सिस्टर समोर हात बांधून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत. यायचंच नव्हतं त्यांना. दुसरा हात लागला की सगळंच संपलं, हा नियम त्यांचाच.

"टोकदार घेऊ का?" तिनं विचारलं. टोकदार सुईनं काम झटपट झालं असतं. रक्त निघालं असतं, मशीन सुरू झालं असतं, ती फोनपर्यंत पोचली असती; पण वाट सापडत नसताना तिनं नवाच बोगदा पाडला असता.

"तुझं काज. तू ठरव."

"पण मग बोथट का जात नाहीये?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार ना."

तिला राग आला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असंही मनात येऊन गेलं. गॉज दाबून धरताना ती त्या हाताकडे नुसती पाहत राहिली. थकलेला माणूस जसा भिंतीकडे पाहतो, तशी. आणि बघता बघता तिला जाणवलं की हा हात आज ओळखीचा दिसत नाहीये.

"काका, एरवी तुम्ही हात कसा टाकता?"

"एरवी? एरवी झोपलेला असतो ना मी. तळवा वर. छताकडे सुट्टे मागत."

तिनं पाहिलं. आज तो ताठ बसलेला. हात खुर्चीच्या कडेनं खाली उतरलेला, तळवा मांडीकडे वळलेला. कातडी शिरेवरून सरकली होती. वरचं भोक आणि खालची वाट एका रेषेत नव्हती. काज जागेवर होतं. सदराच तिरका धरला होता. इतके आठवडे तिनं स्वतःचा कोन जपला, स्वतःचं बोट जपलं, आणि त्याच्या हाताची ठेवण हीही या कामाचाच एक भाग आहे, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती ठेवण कधी बिघडलीच नव्हती, मग लक्षात कसं यावं?

त्याला आडवं करता येत नव्हतं. मग तिनं टेबल ओढलं, त्यावर उशा रचल्या, हात खांद्याएवढा उंच घेतला, कोपर सरळ केलं, तळवा छताकडे. आता तिची उभं राहायची नेहमीची जागा उपयोगाची नव्हती. कोन धरायला ती खाली गेली, सरळ फरशीवर गुडघ्यांवर. हातमोजे बदलले, जागा पुन्हा साफ केली, सुई नवी घेतली. बोट ठेवलं. डोळे मिटले.

सुई गेली. काहीही न सांगता, काही न विचारता, आपल्याच चपलेत पाय जावा तशी. नळीत लाल रेघ चढली.

"लागलं का, काका?"

"कधी घातली?" कंडक्टर म्हणाला. बायकोनं पदराआड नाक पुसलं आणि नवऱ्यालाच दटावलं, "हलू नका!"

असल्या गोष्टी कथेत शिरल्या की दोन्ही सुया जातात. इथं दुसरी गेली नाही. तिनं दोनदा फिरवून पाहिली, आणि या वेळी जोर न लावता मागे घेतली. दुसरी वाट अजून कच्ची होती. तिथं टोकदारच घातली, जुन्याच कोनात. मशीन फिरू लागलं. कंडक्टरच्या अंगातलं पाणी थेंबाथेंबानं उतरू लागलं. ती उठायला गेली तर गुडघे उठेनात. थोरल्या सिस्टरांनी कमरेवरचा हात काढून तिला दिला.

"जोर लावलास मगाशी."

"हो."

"परत नको."

"नाही लावणार."

"एक झालं. एक राहिलं." मग त्यांनी आपली बोटं चोळली. "आणखी दोन पेशंट आहेत, असेच, जागा नसलेले. काज तूच धरायचं. माझी बोटं आता बधिर होतात. सुईचं टोक कळत नाही मला."

हे त्यांनी हवापाण्याच्या गोष्टीसारखं सांगितलं. मग मशीनवरचा आकडा पाहायला निघून गेल्या. तिला आनंद व्हायला हवा होता. एवढे दिवस ती याच वाक्याची वाट पाहत होती. पण तिला फक्त बसावंसं वाटलं. आणखी दोन पेशंट म्हणजे अशा आणखी कितीतरी सकाळी, जेव्हा काहीही झालं तरी जायचं.

टेबलापाशी जाऊन तिनं फोन लावला. नणंदेनं पहिल्याच घंटेला उचलला. "ओकली होती. आता बरी आहे. तुझ्याशी बोलायचं म्हणून हट्ट धरून बसली होती, म्हणून लावला. आता झोपलीय. तू तुझं कर." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर तरी देता येतं.

दुपार कलल्यावर ती घरी पोचली. खोलीत ओल्या पंच्याचा आणि औषधाचा वास होता. नणंद उशाशी बसून पेंगत होती. हिला पाहून ती उठली, खांद्यावर थापटलं, कानाशी म्हणाली, "ताप उतरलाय. पण गाल फुगवून बसलीय तुझ्यावर. सांभाळ," आणि वर गेली.

तिनं आंघोळ केली, कपडे बदलले, मगच लेकीजवळ बसली. भिंगरी जागी होती, भिंतीकडे तोंड करून. आईनं कपाळावर हात ठेवला तशी ती हात न झटकता नुसतीच आक्रसली, आणि ते झटकण्याहून जास्त लागलं.

"मी फोन केला होता."

"ठाऊक आहे गं राणी. हातात सुई होती."

"कुणाच्या हातात?"

"माझ्या. आणि त्या काकांच्याही."

हे भिंगरीला गमतीचं वाटलं असावं. ती थोडी वळली. "त्यांना रडू आलं?"

"नाही. ते विनोद करतात."

"आता बरे झाले?"

"थोडे. आजपुरते."

भिंगरीनं आईचा हात ओढून स्वतःच्या गालाखाली घेतला. बोटं अजून साबणानं कोरडी पडलेली, पोरीचा गाल कोमट, मऊसूत. आई तशीच वाकून राहिली. पाठ दुखत होती, पण हात काढवेना.

"उद्या आहेस?"

"उद्या घरीच."

"आणि परवा?"

आईला खोटं बोलता आलं असतं. पण तेवढीही हिकमत तिच्यात उरली नव्हती. "परवा त्या काकांची दुसरी सुई आहे. जावं लागेल. तोवर तू टुणटुणीत होशील, आणि आत्या आहेच की."

"आत्यानं सांगितलं मला. त्यांना दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही."

"हो गं. अजून थोडे दिवस."

पोरीनं डोळे मिटले. आईला वाटलं, झोप लागली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल ओढत नेत होतं, तिचा आवाज जाईपर्यंत दोघी तशाच होत्या. मग भिंगरीनं गालाखालचा हात जरा घट्ट धरला, डोळे उघडले, आणि भांडण म्हणून नव्हे, खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारलं, "आई, मग मला दुसऱ्याचा हात कसा चालतो?"